माहिती पाठ, गोळी दप्तरात

तुम्ही लिहिलंय की गोवंडीच्या वस्तीत ॲनिमियावर सत्रं घेतली, मुलींनी सगळी उत्तरं बरोबर दिली, तरी लोहाच्या निळ्या गोळ्या दप्तरातच राहिल्या. सत्रात खोट नसावी. तुम्ही शिकवलंत मुलीला, पण तिने काय खायचं, कुठलं औषध घ्यायचं हे घरात दुसरंच कुणीतरी ठरवतं.

आठवड्याला एक गोळी, त्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. सुरुवातीला काहींना मळमळतं, शी काळी होते. हे आधी सांगितलेलं नसलं की मुलगी आईकडे जाते, आई शेजारणीकडे, आणि संध्याकाळपर्यंत गोष्ट 'ह्याने पुढे मूल होत नाही' इथवर पोचते. त्या आईला अडाणी ठरवू नका. सरकारी दवाखान्यात रांग लावायची तर तिचा दिवसाचा रोज बुडतो. नाक्यावरचा डॉक्टर ओळखीचा, रात्री उघडा असतो, सुई मारून लगेच कामाला उभं करतो. मग शब्द कुणाचा चालणार?

आणि काही गोष्टी माहितीच्या पलीकडच्याच आहेत. 'भरपूर पाणी प्या' हे मुलींना पक्कं ठाऊक असतं. पण संडास सार्वजनिक, दर खेपेला पैसे, अंधार पडल्यावर वाटेत पोरं बसलेली. म्हणून त्या मुद्दाम कमी पितात आणि लघवीची जळजळ अंगावर काढतात. तिथे तक्ता दाखवून काय होणार! मोबाइलचंही तसंच. फोन बहुधा भावाचा. पाळीबद्दल काही शोधलं तर तो बघेल ही धास्ती. मग मोठी मैत्रीण सांगेल तेच खरं.

मी तुमच्या जागी असते तर पुढचं सत्र आयांचं घेतलं असतं, नळाची वेळ टळल्यावर, गल्लीतच, आणि घराघरात हिंदी-उर्दू असेल तर त्याच भाषेत. वस्तीतली आरोग्यसेविका सोबत हवीच, कारण तुम्ही गेल्यावर शंका तिलाच विचारल्या जातात. काळ्या शीचं पहिल्याच वाक्यात सांगा. गोळी जेवणानंतर, चहा मात्र तासभर लांब. मुलींना व्याख्यानाऐवजी एवढंच विचारा: 'घरी आजी नको म्हणाली तर काय बोलशील?' आणि ते बोलणं त्यांच्याकडून करून घ्या. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात (2014 पासून) बरोबरीच्याच मुलामुलींना इतरांशी आरोग्याबद्दल बोलायला तयार करायची सोय आहे. तुमच्या भागात ती चालू आहे का, हे आरोग्य केंद्रात विचारा.

शाळा सुटलेल्या, घरी जरीकाम करणाऱ्या मुली तुमच्या सत्राला येतच नसतील. त्यांच्यासाठी अंगणवाडी गाठा.

मुलग्यांचं सत्र कोण घेतंय? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वयाच्या मुलींत ॲनिमिया सुमारे 59 टक्के होता, मुलग्यांतही 31 टक्के. त्यांना मात्र जिमवाला दादा पावडरचा डबा विकतो, आणि तेच त्यांचं आरोग्यशिक्षण.