टक्कलच कशाला, नुसते पैसे दिले तर चालत नाहीत का?

प्रश्न: ताई, माझी मुलगी कॉलेजला आहे, कमरेपर्यंत केस आहेत तिचे, आणि आता म्हणतेय लहान मुलांच्या कॅन्सरच्या रिसर्चसाठी पैसे गोळा करायचेत म्हणून सगळं डोकं भादरणार. मैत्रिणीचा लहान भाऊ आजारी आहे, त्यावरून हे सुरू झालं. पैसेच द्यायचे तर द्या की, टक्कल कशाला? आणि ते केस त्या मुलांच्या विगसाठी जातात का? – एक आई

उत्तर: अहो, पैसे मागायला काहीतरी निमित्त लागतं. नुसतं ‘रिसर्चला मदत करा’ म्हटलं की लोक ‘बघू’ म्हणतात, पण ‘एवढे जमले की मी टक्कल करते’ म्हटलं की तोच माणूस आधी हसतो, मग खरंच करणार का विचारतो, आणि मग पैसे पाठवतो. अमेरिकेतली सेंट बाल्ड्रिक्स ही संस्था अशीच उभी राहिली. १७ मार्च २००० ला न्यूयॉर्कच्या एका पबमध्ये रीइन्शुरन्सवाल्या (म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या) काही मित्रांनी १७ टकली आणि १७ हजार डॉलर एवढंच ठरवलं होतं, जमले लाखाच्या वर!

आणि हा पैसा लागतो हो. मुलांचे कॅन्सर मोठ्यांच्या मानाने कमी, त्यामुळे औषध कंपन्यांना त्यात धंदा दिसत नाही. रिसर्चने काय होतं ते ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये बघा, मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा जो प्रकार आहे, एएलएल, त्यात १९६० च्या सुमाराला दहातलं एखादंच मूल वाचायचं, आज चांगली ट्रीटमेंट मिळाली तर नऊच्या आसपास वाचतात. पण डीआयपीजी नावाचा मेंदूचा ट्यूमर आहे, त्यात अजूनही बहुतेक मुलं दोन वर्षंसुद्धा काढत नाहीत.

केसांचं म्हणाल तर विग ही वेगळी गोष्ट, रिसर्चचा पैसा वेगळा. मशीनने भादरलेले तुकडे विगला कामाचे नसतात, लांबी साधारण १० ते १४ इंच मागतात, संस्थेप्रमाणे कमीजास्त. तिचे कमरेपर्यंत आहेत म्हणजे दोन्ही जमेल. केस धुऊन पार कोरडे होऊ द्यायचे, छोट्या छोट्या पोनी घट्ट बांधायच्या, रबरबँडच्या वर कात्री लावायची आणि मगच मशीन. ओले केस पिशवीत भरले की बुरशी धरते, सगळं वाया. वस्तरा नको, उगाच कापून घेईल.

मला खरी काळजी त्या भावाची वाटते. त्याला विचारलंय का कुणी? केमो भराभर वाढणाऱ्या पेशी मारते, त्यात केसांची मुळंही सापडतात, दोन-तीन आठवड्यांत उशीवर पुंजके दिसायला लागतात. काही मुलांना सोबत कुणी टक्कल केलेलं आवडतं, काहींना राग येतो, माझे गेले आणि ही हौसेने काढतेय म्हणून. तो नको म्हणाला तर त्याचं नाव आणि फोटो यात अजिबात आणू नका, टक्कल मग तिचं एकटीचं.

पैसे तिच्या खात्यात नकोत, थेट संस्थेच्या खात्यात, आणि देणाऱ्याला पावती. संस्था रिसर्चला पैसे देते की पेशंटच्या खर्चाला हेही आधी बघा, दोन्ही चांगलंच पण लोकांना जे सांगाल तेच व्हायला हवं. बाकी केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात, खांद्यापर्यंत यायला दोन वर्षं तरी धरा, आणि मधल्या काळात ते कानावर उभे राहतात ते फार वाईट दिसतं, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.