बेळगावात राहून खेळांच्या व्हिडिओंच्या स्ट्रीमिंग आणि सर्चवर पीएचडी जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही खानापूर तालुक्यातले, एम.टेक. झालंय, बेळगावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवता. खेळांच्या व्हिडिओंचं इंटरॅक्टिव्ह स्ट्रीमिंग आणि त्यात हवा तो क्षण शोधून देणारी यंत्रणा, यावर पीएचडी करायची आहे. गाइड म्हणतात, आयपीएलच्या सामन्यांतून हायलाइट्स आपोआप काढा. या विषयात आता काही उरलंय का, आणि इथे बसून ते होईल का, हे तुम्हाला विचारायचंय.

मी याच भागातला. पीएचडी याच विषयाला लागून केली, आता शिकवतो. माझं म्हणणं सरळ आहे: विषय घ्या, पण आयपीएल सोडा आणि आपल्या जत्रांतली कुस्तीची मैदानं घ्या. गावाच्या प्रेमापोटी सांगत नाही. संशोधनाला लागणारी खरी अडचण तिथे आहे, क्रिकेटमधली बरीचशी सुटलेली आहे.

क्रिकेटचं प्रक्षेपण हा मुळातच शोधायला सोपा व्हिडिओ आहे. पडद्याच्या कोपऱ्यात धावफलकाची पट्टी असते. ती वाचणारा साधा प्रोग्राम लिहिला आणि ३ बाद चे ४ बाद झालेलं दिसलं, की त्याच्या थोडं मागे विकेट आहे हे कळतं. रिप्लेच्या आधी-नंतर लोगो फिरतो, म्हणजे दिग्दर्शकानेच खूण करून ठेवली की इथे काहीतरी घडलं. कॅमेरे बदलतात, त्यामुळे शॉट कुठे तुटतो ते सापडतं आणि त्यावर पुढचं सगळं रचता येतं. फुटबॉलमध्ये तर तयार माल पडलाय. २०१८ साली आलेल्या सॉकरनेट या डेटासेटमध्येच (संशोधनासाठी नोंदींसह जमवलेल्या व्हिडिओंच्या साठ्यात) ५०० पूर्ण सामने आणि ७६४ तासांचा व्हिडिओ होता, आणि पुढच्या आवृत्तीत गोल-कार्डांपासून थ्रो-इनपर्यंत १७ प्रकारच्या घटनांच्या नोंदी आल्या. या रांगेत तुम्ही उभे राहिलात तर नंबर कधी लागायचा?

आता मैदानाचा व्हिडिओ बघा. स्टँडवर एक मोबाइल किंवा कॅमेरा, तीन-चार तास एकच शॉट. कट नाही, रिप्ले नाही, लोगो नाही. गुणफलक तर नाहीच, कारण निकाली कुस्तीत गुण नसतात, पाठीला माती लागली की संपलं. सुरुवातीला तर लहान पोरांच्या चार-चार जोड्या एकाच वेळी आखाड्यात सुटतात, मधूनच कोणीतरी फेटेवाला पाहुणा कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहतो, एखादी मोठी कुस्ती अर्धा तास नुसती खडाखडीत, एकमेकांचा अंदाज घेण्यात जाते आणि मग एकचाक डावात दोन सेकंदांत निकाल लागतो. पाठ्यपुस्तकातली पहिली पायरी म्हणून जे शॉट ओळखणं शिकवतात, ते इथे पहिल्याच मिनिटाला निकामी.

मग उरतं काय? आवाज. हलगीची लय चढते, शिट्ट्या वाढतात, निवेदकाचा स्वर वर जातो. आणि निवेदक हाच आपला धावफलक आहे: पैलवानाचं नाव, गाव, तालीम, वस्ताद, इनाम किती, डाव कुठला, सगळं तोच सांगतो. अडचण एवढीच की तो मराठीत वाक्य सुरू करतो आणि कन्नडमध्ये संपवतो. 'एकलंगी बसली बघा' म्हणता म्हणता 'गेद्दा', म्हणजे जिंकला, येतं. (सीमाप्रश्न कोर्टात सुटेल तेव्हा सुटो, आमच्या निवेदकांनी तो माइकवर कधीच निकालात काढलाय.) बोलणं ऐकून लिहून देणारी व्हिस्परसारखी मॉडेलं २०२२पासून फुकट मिळतात, त्यांना मराठीही येतं आणि कन्नडही. पण ती तीस-तीस सेकंदांचा तुकडा घेतात आणि त्या तुकड्याची भाषा एकच धरून चालतात. त्यात मागे हलगी कडाडत असते. चिकोडी, अथणी, निपाणीकडची एक रेकॉर्डिंग लावून बघा, 'घिस्सा' आणि 'ढाक' या डावांच्या नावांचं काय होतं ते. बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळांकडे यंत्रं आहेत, पण दोन्ही भाषा आणि डावांची नावं कानाने ओळखणारा माणूस नाही. तुम्ही आहात.

हे झालं सर्चचं. स्ट्रीमिंगची बाजू मला जास्त आवडते, कारण तिथे दोन्ही विषय एकमेकांत अडकतात.

जत्रेत गर्दीच्या मागे, ट्रॉलीवर बसलेली पोरं तीच कुस्ती मोबाइलवर बघताना तुम्ही पाहिली असतील. आखाड्यात पैलवान चीत झालेला असतो, लोकांनी टोप्या उडवलेल्या असतात, आणि पोरांच्या मोबाइलवर दोघे अजून मानेला मान लावून उभे असतात. वीस-पंचवीस सेकंदांनी ट्रॉलीवरून आरडाओरडा येतो. कारण साधं आहे. एचएलएस ही २००९ साली अ‍ॅपलने आणलेली पद्धत व्हिडिओचे छोटे तुकडे करून पाठवते. तुकडा सहा सेकंदांचा असावा अशी अ‍ॅपलची शिफारस आहे आणि प्लेअरने साधारण तीन तुकडे मागे राहावं असा संकेत. अठरा सेकंद तिथेच गेले. एन्कोडिंग (व्हिडिओ दाबून लहान करणं) आणि अपलोडचा वेळ वर.

आता पुण्यात बसलेला एखादा बेळगावकर त्या लाइव्हखाली 'चीतपट!!' असं लिहितो. शेकडो लोक तसं लिहितात. कमेंटांचा हा पाऊस म्हणजे फुकटात मिळालेली खूण, इथे काहीतरी घडलं म्हणून. पण कमेंटवर वेळ पडते ती सर्व्हरच्या घड्याळाची. लिहिणाऱ्याने तो क्षण प्रत्यक्षापेक्षा किती उशिरा पाहिला, टाइप करायला किती वेळ घेतला, हे त्यात नसतं. शिवाय प्रत्येकाचा उशीर वेगळा. पुण्यात फायबरवर बघणारा आणि जांबोटीत एक कांडी रेंजवर बघणारा यांच्यात मोठी तफावत पडू शकते. मैदानात तर कुस्त्या एकामागून एक लागतात, त्यामुळे ही तफावत न काढता कमेंटांवरून इंडेक्स, म्हणजे कुठल्या क्षणी काय घडलं याची सूची, केला तर एकाचा जल्लोष दुसऱ्याच्या कुस्तीला चिकटतो. प्रत्येक प्रेक्षकाचा उशीर अंदाजून कमेंट व्हिडिओतल्या खऱ्या क्षणावर कशी बसवायची, हा तुमचा प्रबंधाचा प्रश्न. एवढा एकच पुरेसा आहे.

तपासायची सोयही आहे. स्वतःचा छोटा प्लेअर बनवा, त्यात 'हा डाव परत दाखव' असं एक बटण ठेवा. बटण दाबल्यावर प्लेअर त्या वेळी व्हिडिओत तो नेमका कुठे होता ते नोंदवतो, घड्याळाचा संबंध नाही. एचएलएसच्या यादीत तुकड्यामागे खरी वेळ लिहिण्याचा टॅग असतो, तो वापरून दोन्हींचा मेळ घाला. म्हणजे बटणाच्या नोंदी हा पडताळा आणि कमेंटा हा कच्चा माल. तुमच्या विषयातला 'इंटरॅक्टिव्ह' हा शब्द असा कामाला लागतो, नाहीतर तो मुखपृष्ठावरच राहतो.

उशीरच कमी करायचा असं मात्र मनावर घेऊ नका. अ‍ॅपलने २०१९ला कमी उशिराची एचएलएस जाहीर केली, व्हिडिओ कॉलसाठी वापरतात ते वेबआरटीसी तर सेकंदाच्या आत पोचवतं. २०२३च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक होते. तसला भार पेलणारे इंजिनिअर त्या कामाला लागलेले आहेत, आपण एकट्याने त्यात हात घालायचं कारण नाही.

मोजमापाबद्दल एक. नुसता अचूकतेचा आकडा देऊन थांबू नका. व्हिडिओ ब्राउझर शोडाउन ही स्पर्धा २०१२पासून चालते, तिथे माणसाला एक क्लिप दाखवतात आणि मोठ्या संग्रहातून ती वेळेत शोधायला लावतात. तेच तालमीत करा. वस्तादांना विचारा, 'गेल्या जत्रेत तुमच्या पोराने एकलंगी मारली ती काढून दाखवा', आणि किती वेळ लागला ते मोजा. आणि सापडलेल्या ठिकाणी व्हिडिओ नेमका उघडायला कीफ्रेम, म्हणजे आधीच्या फ्रेमवर अवलंबून नसलेलं पूर्ण चित्र, जवळ असावी लागते. ती दहा सेकंदांनी एक असली तर प्लेअर एक तर आधीच्या खडाखडीत उघडतो, नाहीतर मधल्या फ्रेम उलगडेपर्यंत फिरत राहतो. दर दोन सेकंदांना कीफ्रेम ठेवा, फाइल जरा फुगेल, फुगू दे.

साधनांची फार काळजी नको. ४ एमबीपीएसने रेकॉर्डिंग केलं तर तासाला १.८ जीबी, तीन तासांच्या मैदानाला साडेपाचच्या आत. शंभर मैदानं एका टीबीच्या डिस्कमध्ये निवांत बसतात. तयार मॉडेलांनी व्हिडिओचे एकदा फीचर्स (त्यातली माहिती आकड्यांत) काढून ठेवले की पुढचं काम साध्या जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डवर चालतं. परवानगी मात्र आधी घ्या, जत्रा कमिटीची लेखी, आणि लहान पैलवानांच्या बाबतीत आईवडिलांची. २०२३चा डेटा संरक्षण कायदा अठराच्या आतल्यांबद्दल कडक आहे. इथे तोंडी 'घ्या की सर, त्यात काय' असं म्हणतात, त्यावर जाऊ नका.

वेळेचं म्हणाल तर यूजीसीच्या २०२२च्या नियमांत किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं आहेत, कोर्सवर्क त्यातच धरून. जत्रांचा हंगाम वर्षातून एकदाच येतो, त्यामुळे नोकरी सांभाळून करणाऱ्याने पहिला हंगाम रेकॉर्डिंगलाच द्यावा. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहायच्या आधी एक मैदान स्वतः हाताने पूर्ण मार्क करून बघा, कुस्ती कुठे सुरू झाली, डाव कुठला, निकाल कुठे. तो कागद गाइडसमोर ठेवा, आयपीएलचा विषय आपोआप मागे पडेल.