‘जरी’मागून ‘तरी’ इंग्रजीत नको

तुझा परिच्छेद वाचला. शब्द चांगले आहेत, गडबड उभयान्वयी अव्ययांची आहे. मराठीत ‘जरी’ आलं की मागून ‘तरी’ येतंच, म्हणून तू लिहिलंस: ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू रामकुंड.’ इंग्रजीत दोघांपैकी एकच पुरतं. ‘ऑल्दो’ ठेव, नाहीतर ‘बट’. ‘बिकॉज’ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे ‘सो’ घालतोस, तेही तसंच काढून टाक.

‘अनलेस’ला जरा जप, त्याच्या पोटातच नकार असतो. ‘अनलेस यू डोन्ट हरी, यू विल मिस द बस’ असं म्हटलंस तर घाई करणाऱ्याचीच सीबीएसवरची (मध्यवर्ती बसस्थानकावरची) बस चुकेल! ‘डोन्ट’ नको.

‘डिस्पाइट’ तर उभयान्वयी नाहीच. त्यापुढे अख्खं वाक्य लावू नकोस, ‘डिस्पाइट द रेन’ एवढंच.

कॉमाचं सोपं आहे: ‘इफ’, ‘ऑल्दो’चा भाग आधी आला तर त्यानंतर दे, ‘इफ’चा भाग शेवटी आला तर बहुतेक वेळा नको. ‘बट’ने वाक्य सुरू करू नये असं क्लासवाले सांगतात, मला ते पटत नाही, पण परीक्षेत टाळलेलं बरं.

उद्या अभ्यासिकेत येताना गंगापूर धरणावर पाच-सहा वाक्यं लिहून आण.