शेवटची ब्रिटिश पलटण मुंबईहून गेली तेव्हा निरोपाला इंग्रजी धून का वाजली?

प्रश्नाच्या खाली तुम्ही असंही लिहिलंय की स्वातंत्र्य मिळून सहा महिने उलटले होते, मग जाणाऱ्या गोऱ्या सैनिकांना गेटवेवर मानवंदना देऊन, बँड लावून वाटेला लावायचं काय अडलं होतं? हा गुलामीचा उरलेला भाग नव्हे का? आणि आज तशी वेळ आली तर आपण काय वाजवलं असतं?

आधी एक दुरुस्ती. ती धून इंग्रजी नाही, स्कॉटिश आहे. 'ऑल्ड लँग साइन', जुन्या दिवसांची आठवण काढत निरोपाला म्हणायचं गाणं. एखाद्या स्कॉटिश माणसासमोर तिला इंग्रजी म्हणून बघा, फरक काय असतो ते तोच समजावेल.

मी पायदळाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो. ही धून किती वेळा वाजवली याचा हिशेब नाही. त्यामुळे माझं उत्तर थोडं बँडवाल्याचं असणार, इतिहासकाराचं नाही, हे धरून चाला.

प्रसंग २८ फेब्रुवारी १९४८ चा. १७ ऑगस्ट १९४७ ला ब्रिटिश सैनिकांची पहिली तुकडी मुंबईहूनच बोटीत चढली होती, आणि पुढचे सहा महिने बोटी भरून माणसं जात राहिली. सर्वात शेवटी राहिली सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. तिला निरोप द्यायला शीख होते, गुरखे होते, आपले नौसैनिक होते. पलटणीची निशाणं धीम्या चालीत गेटवेच्या कमानीखालून समुद्राकडे गेली आणि त्या वेळी 'ऑल्ड लँग साइन' वाजत होती. राजा पंचम जॉर्जच्या १९११ च्या आगमनाची आठवण म्हणून बांधलेली कमान शेवटी बाहेर पडायला उपयोगी आली, हे सगळेच सांगतात, मी पुन्हा सांगत नाही.

तुमच्या 'का'कडे येतो. सैन्य निघताना वाजतं ते संगीत नुसत्या भावनेचं कधीच नसतं. ते अटींचा भाग असतं. युरोपातली जुनी रीत अशी की किल्ला लढवून मग खाली करणाऱ्या फौजेला मानाने बाहेर पडू द्यायचं, म्हणजे निशाणं फडकवत, ढोल वाजवत. त्या बदल्यात जाणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांची एखादी धून वाजवून सौजन्य दाखवायचं. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला इंग्रज फौज अमेरिकन आणि फ्रेंचांना शरण आली तेव्हा हा मान मुद्दाम नाकारला गेला. तहाच्या कलमातच लिहिलं होतं: निशाणं गुंडाळून ठेवायची, आणि वाजवायची ती ब्रिटिश किंवा जर्मन चालच. कारण आदल्या वर्षी चार्ल्सटनला इंग्रजांनी अमेरिकनांना नेमकं हेच करायला लावलं होतं. म्हणजे कुणी काय वाजवायचं यावर दोन फौजांचे अधिकारी टेबलाशी बसून घासाघीस करत. निरोपाच्या बँडकडे बघताना मी म्हणून पहिल्यांदा हे बघतो: निशाण उघडं आहे की गुंडाळलेलं, आणि धून कुणाची आहे.

मुंबईत निशाणं उघडी होती आणि धून कुणाचीच नव्हती. माझ्या मते तुमचं उत्तर इथेच आहे. शरणागती नव्हती, वाटाघाटी करून निघणं होतं. शिवाय फेब्रुवारी १९४८ मध्ये आपण अजून प्रजासत्ताक नव्हतो. लष्कराचे प्रमुख अजून इंग्रजच होते. जनरल करिअप्पांनी सूत्रं घेतली ती १५ जानेवारी १९४९ ला. अशा वेळी विजयाची चाल वाजवली असती तर ती मानवंदना देणाऱ्यांनाच विचित्र वाटली असती. त्यांच्यातले कितीतरी जण तीनच वर्षांपूर्वी ब्रह्मदेशात नाहीतर इटलीत याच सैन्याबरोबर लढून आले होते.

आता तुमच्या रागाचंही बोलतो, कारण तो खोटा नाही. गेटवेपासून हाकेच्या अंतरावर, दोनच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी १९४६ मध्ये नौसैनिकांचं बंड झालं होतं. त्यानंतर शहरात ब्रिटिश सैनिकांनी गोळ्या चालवल्या आणि दोनशेच्यावर माणसं गेली. आणि २८ फेब्रुवारीला त्याच नौदलाचे गडी मानवंदनेला उभे! गांधीजी जाऊन महिनाही झाला नव्हता. सॉमरसेटवाल्यांना गेटवेची चांदीची प्रतिकृती भेट दिली, तिच्यावर ब्रिटिश आणि भारतीय सैनिकांच्या साहचर्याची आठवण म्हणून १७५४ ते १९४७ अशी सालं कोरली होती. त्या दोन आकड्यांच्या मधे १८५७ पण येतं, १९१९ पण येतं. चांदीवर तेवढी जागा नसते. पण मजकूर नीट वाचा: सैनिकांचं साहचर्य म्हटलंय, राज्याचं नाही. ज्याने कुणी तो मजकूर ठरवला त्याला फरक कळत होता.

धुनेची गंमत मात्र वेगळीच आहे. आमचे एक बँडमास्टर नव्या पोरांना नोटेशनआधी ही चाल सरगमीत म्हणायला लावायचे. खालचा प, मग सा, सा सा ग, रे सा रे ग, सा सा ग प ध. म्हणून बघा. म नाही, नी नाही. सरळ भूप! शास्त्रीय गाणाऱ्याला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. रवींद्रनाथांनी तिच्यावरून 'पुरानो शेई दिनेर कथा' बांधलं ते उगाच नाही. कोरियन लोक १९४८ पर्यंत आपलं राष्ट्रगीत याच चालीवर म्हणत होते, आणि जपानात ती दुकान बंद होताना लावतात. शब्द रॉबर्ट बर्न्सचे म्हणून प्रसिद्ध, पण आपण ते एका म्हाताऱ्याकडून ऐकून उतरवले असं तो स्वतःच सांगायचा, आणि आजची चाल तर बर्न्स गेल्यावर त्याच्या शब्दांना जोडली गेली. अशी मालक नसलेली धून.

वाजवायला ती सोपी दिसते आणि तिथेच माणूस फसतो. सोळा मात्राखंड, प्रत्येकी चार ठोके, म्हणजे चौसष्ट ठोके. 'धीरे चल'ला मिनिटाला साधारण पासष्ट ते सत्तर पावलं पडतात, म्हणजे एक फेरी जवळजवळ एका मिनिटाची. डावा पाय आणि बेस ड्रम एकत्र. जलद चालीत बँड लपून जातो, चूक झाली तरी पुढच्या मात्राखंडात वाहून जाते. धीम्या चालीत प्रत्येक सूर उघडा पडतो, श्वास कुठे चोरला ते मागच्या रांगेलाही कळतं. किती फेऱ्या वाजवायच्या हे कागदावर लिहिलेलं नसतं. शेवटचा माणूस कमानीतून जाईपर्यंत. बँडपुढे चालणाऱ्या ड्रम मेजरचा दंड वर गेला की डोळ्याच्या कोपऱ्यातून तो टिपायचा, बेस ड्रमवर दोन ठोके पडले की ओळ पुरी करून थांबायचं. समुद्राच्या कडेला असलात तर वाद्यावर चिमट्यात अडकवलेलं नोटेशनचं कार्ड फडफडतं ते वेगळंच. गेटवेवर त्या दिवशी वाजवणाऱ्यांनी बहुधा कार्डाकडे बघितलंही नसेल.

माझी स्वतःची फजिती खडकवासल्याची. एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, दीक्षांत संचलनात कॅडेट शेवटी 'अंतिम पग', म्हणजे शेवटची पायरी, ओलांडून जातात ते याच धुनेवर. नोव्हेंबरातली सकाळ, रीड गार पडलेली, आणि पहिल्याच खालच्या 'प'ला माझ्या क्लॅरिनेटने चीं केलं. हजारभर आईबाप समोर. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तोवर अर्ध्या आया रडायला लागल्या होत्या. बँडमास्टरच्या मात्र लक्षात आलं. पुढचा आठवडाभर सकाळी तासभर नुसते लांब सूर.

ते पाठ झाल्यावर माझं मत बदललं असं नाही, पण एक कळलं. आपल्या पोरांना पलटणीकडे पाठवताना जी धून आपण ठेवली, तिला १९४८ ची लाज म्हणता येत नाही. बदलायचं असेल तर बदलावंही. प्रजासत्ताक दिनानंतर दिल्लीत बँडचा जो बीटिंग रिट्रीट समारंभ होतो, त्यातून २०२२ मध्ये 'अबाइड विथ मी' हे इंग्रजी भजन काढून 'ऐ मेरे वतन के लोगो' घेतलं. त्यावर भांडणं झाली, दोन्ही बाजू बोलल्या. मला दोन्ही वाजवायला आवडतात, आणि बँडवाल्याला मत विचारायची पद्धत नाही.

निरोप बिनसला तर काय होतं तेही बघण्यासारखं आहे. १९९४ मध्ये जर्मनीतून रशियन सैन्य निघालं. पाश्चात्त्य फौजांबरोबर एकत्र निरोप त्यांना मिळाला नाही. त्यांचा समारंभ ३१ ऑगस्टला बर्लिनमध्ये वेगळा झाला, आणि त्या दिवशी टाउन हॉलसमोर रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी पोलिसांच्या बँडमास्टरच्या हातातली छडीच घेतली आणि स्वतः बँड चालवायला लागले! सगळ्या जगाच्या लक्षात तेवढंच राहिलं. अमेरिकन, ब्रिटिश आणि फ्रेंचांना ८ सप्टेंबरला ब्रँडेनबुर्ग गेटसमोर मशालींच्या उजेडात जर्मन लष्कराचा सगळ्यात मोठा मान, 'ग्रोसर त्साप्फेनश्ट्राइश' मिळाला. नाव भारदस्त, पण मूळ अर्थ दारूच्या पिंपाची तोटी बंद करायची रात्रीची वेळ. शिपायांनी गुत्त्यातून उठून छावणीत जावं म्हणून वाजायचं ते.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आज काय वाजवलं असतं. तशी वेळ येते की, फक्त लढाईनंतर नाही, सरावानंतर. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या तळावर संयुक्त सराव संपला, तेव्हा परदेशी आणि निघायच्या बेतात असलेले आपण होतो. त्यांच्या बँडने 'जन गण मन' वाजवलं, त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. पण त्याच सरावातला दुसरा व्हिडिओ शोधा. आसाम रेजिमेंटचं 'बदलूराम का बदन' लागलंय आणि दोन्हीकडचे जवान टाळ्या वाजवत नाचतायत. बदलूराम हा त्याच रेजिमेंटचा जवान, १९४४ मध्ये जपान्यांशी लढताना पडला. रसद सांभाळणाऱ्या क्वार्टरमास्टरने त्याचं नाव कमी केलं नाही, त्याचं रेशन येत राहिलं, आणि वेढा पडल्यावर त्याच साठलेल्या रेशनवर पलटण जगली, त्याचं ते गाणं. आणि त्याची चाल? अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या 'जॉन ब्राउन्स बॉडी'ची. अमेरिकन पोरांना शब्द एक कळत नव्हता, पण ठेका आधीपासून पाठ होता.