आधी पाणी, मग नाव

पत्र: मॅडम, मी बारावीत आहे, धायरीला राहते. एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लेखी परीक्षा पास झाले, पुढच्या महिन्यात भोपाळला एसएसबी आहे, म्हणजे अधिकारी निवडीच्या चाचण्या आणि मुलाखत. मध्यंतरी कॉलेजतर्फे वादविवाद स्पर्धेत उतरले होते. विषय होता 'राष्ट्राच्या सुरक्षेसाठी कैद्याचा छळ समर्थनीय आहे', आणि चिठ्ठीत मला अनुकूल बाजू आली. शहरात लपवलेल्या बॉम्बचं उदाहरण दिलं, कॅप्टन सौरभ कालियांचं नाव घेतलं. खूप टाळ्या पडल्या, पहिलं बक्षीस मिळालं. माझे आजोबा निवृत्त सुभेदार, ७१ च्या लढाईतले. ते पहिल्या रांगेत होते, पण त्यांनी टाळी वाजवली नाही. घरी आल्यावर चपला काढता काढता एवढंच म्हणाले, "कैद्याला आधी पाणी द्यायचं असतं, मग नाव विचारायचं." त्या दिवसापासून मला ती ट्रॉफी बघवत नाही. उद्या मलाच असा हुकूम मिळाला तर? बाबा म्हणतात, एसएसबीत असलं काही बोललीस तर पहिल्याच दिवशी घरी पाठवतील. माझ्यासारखीने जावं का? (नाव छापू नये.)

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं पत्र वाचताना मी आजोबांच्या वाक्यापाशी थांबले. जावं की नाही, हे सांगते, पण आधी त्या वाक्याबद्दल बोलू.

१९७१ च्या डिसेंबरात ढाक्याला पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली तेव्हा सैनिक आणि त्यांच्याबरोबरचे नागरिक धरून सुमारे ९३ हजार माणसं आपल्या ताब्यात आली. त्याआधीचे नऊ महिने पूर्व बंगालात, आजच्या बांगलादेशात, काय चाललं होतं, त्याच्या खुणा आपल्या जवानांनी वाटेवरच्या गावागावांत पाहिल्या होत्या. सूडच घ्यायचा असता तर कारणांची वाण नव्हती. तरीही ती माणसं छावण्यांत राहिली, त्यांना शिधा मिळाला, दवापाणी मिळालं, आणि १९७४ पर्यंत ती परत गेली. यामागे १९४९ चा तिसरा जिनिव्हा करार आहे. त्याचं १७ वं कलम सांगतं की युद्धकैद्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी क्रमांक एवढंच सांगणं बंधनकारक आहे. त्यापुढचं काही काढून घेण्यासाठी त्याच्या शरीराचा किंवा मनाचा छळ करता येत नाही. बोलत नाही म्हणून त्याला धमकावताही येत नाही. १९६० साली आपल्या संसदेने या करारांसाठी वेगळा कायदाही केला. आजोबांनी तुला कलमाचा आकडा सांगितला नाही, पाण्याचा तांब्या सांगितला. पलटणीत कायदा असाच हाडीमाशी खिळतो.

आता तुझं भाषण. चिठ्ठीत आलेली बाजू तू मांडलीस, त्यात अपराध काही नाही. वादविवादात ते करावंच लागतं. पण जिंकलेला मुद्दा एकदा उलटा करून बघायला हवा, आणि ते काम तुझं मन आपण होऊन करतंय.

बॉम्बच्या उदाहरणात किती गोष्टी आपण गृहीत धरतो बघ. पकडलेला माणूस नक्की तोच आहे. त्याला नक्की माहिती आहे. मारल्यावर तो बोलेल, आणि बोलेल ते खरंच असेल. प्रत्यक्षात यातलं एकही आधी ठाऊक नसतं. शिवाय ज्याला तासाभरात स्फोट घडवायचाय त्याला फक्त तासभर खोटं बोलायचं असतं. तुम्ही कात्रजला शोधत बसाल आणि बॉम्ब असेल खडकीला. मार असह्य झाला की माणूस समोरच्याला जे ऐकायचंय ते बोलतो. इब्न अल-शेख अल-लिबी या कैद्याचं उदाहरण ध्यानात ठेव. कोठडीतल्या छळाखाली तो बोलला की इराकने अल कायदाच्या लोकांना रासायनिक शस्त्रांचं प्रशिक्षण दिलं. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी संयुक्त राष्ट्रांत जे भाषण केलं त्यात हा जबाब वापरला गेला. पुढच्या महिन्यात युद्ध सुरू झालं. नंतर त्याने जबाब फिरवला, मार थांबावा म्हणून ते रचलं होतं असं सांगितलं. तोवर किती माणसं गेली होती! २०१४ च्या डिसेंबरात अमेरिकी सिनेटच्या समितीने सीआयए या गुप्तहेर संस्थेच्या चौकशीतल्या छळाच्या पद्धतींवर अहवाल दिला, आणि माहिती मिळवण्याचं साधन म्हणून त्या परिणामकारक नव्हत्या असाच निष्कर्ष काढला.

उलट उदाहरणही आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलात हान्स शार्फ नावाचा चौकशी करणारा होता. पकडलेल्या वैमानिकांना तो हात लावत नसे. त्यांच्याशी गप्पा मारायचा, त्यांना रानात फिरायला न्यायचा, आणि आपल्याला सगळं आधीच माहीत आहे अशा थाटात बोलत राहायचा. बोलता बोलता कैदी नकळत उरलेलं सांगून जायचे. युद्धानंतर त्याची पद्धत अमेरिकी हवाई दलानेच समजून घेतली. चौकशी हे डोकं शांत ठेवून करायचं काम आहे. ज्याला ते येत नाही त्याचा हात उठतो.

कॅप्टन कालियांचं नाव तू घेतलंस, तिथे मात्र मला वाईट वाटलं. मे १९९९ मध्ये कारगिलला गस्तीवर गेलेले ते आणि त्यांचे पाच जवान पाकिस्तानी सैन्याकडून पकडले गेले आणि जूनमध्ये त्यांचे देह परत आले. त्या देहांवरच्या खुणांबद्दल इथे लिहिणार नाही. मुलाला न्याय मिळावा म्हणून त्यांच्या वडिलांनी वर्षानुवर्षं दारं ठोठावली. कुठल्या आधारावर? युद्धकैद्याचा छळ हा गुन्हा आहे, या एकाच आधारावर. तू व्यासपीठावरून छळ समर्थनीय ठरवलास तेव्हा त्या बापाच्या पायाखालची तेवढी एक फरशीही काढून घेतलीस. २०१९ मध्ये विंग कमांडर अभिनंदन पाकिस्तानात पकडले गेले तेव्हा तू दहा-अकरा वर्षांची असशील. त्यांचा व्हिडिओ सगळ्या घरांनी श्वास रोखून पाहिला. नाव, हुद्दा, क्रमांक त्यांनी सांगितला, बाकी प्रश्नांना नम्रपणे नकार दिला, आणि आपण सगळे जिनिव्हा कराराचं नाव घेऊ लागलो. तो करार दोन्ही बाजूंच्या कैद्यांचा आहे.

तुझा खरा प्रश्न हुकमाचा आहे. सैन्यात गेलं की मन घरी ठेवून जायचं, ही समजूत बाहेरच्यांची. १९५० च्या आर्मी अॅक्टमधलं ४१ वं कलम वरिष्ठाचा हुकूम मोडण्याबद्दल आहे, शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाते. पण त्यात हुकमाच्या आधी एक शब्द आहे: कायदेशीर. कायदेशीर हुकूम न पाळणं हा गुन्हा. त्या एका शब्दात तुझ्या विवेकाची जागा कायद्यानेच राखून ठेवलीय. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझींवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यांनंतर 'मला वरून हुकूम होता' एवढ्यावर जबाबदारी झटकता येत नाही हे जगाने मान्य केलं. छळविरोधी आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या कलमात तर युद्ध, आणीबाणी, वरिष्ठाचा हुकूम यांपैकी कोणतीच सबब चालणार नाही असं स्पष्ट लिहिलंय. त्या करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण अजून त्याला मंजुरी दिलेली नाही. याची मला नागरिक म्हणून खंत आहे.

त्याच १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशांत प्रदेशांतल्या सैन्याच्या विशेषाधिकारांचा कायदा वैध ठरवला आणि त्याच निकालात लष्कराचे 'काय करावं, काय करू नये' हे नियम बंधनकारक केले. अटक केलेल्याला शक्य तितक्या लवकर जवळच्या पोलीस ठाण्यात द्यायचं. सैनिकांनी त्याची चौकशी स्वतः करायची नाही. थर्ड डिग्री वापरायची नाही. रात्री तुझ्या डोळ्यांसमोर जो प्रसंग येतो, तू नवखी लेफ्टनंट आणि समोर हात बांधलेला माणूस, तिथे नियम तुझ्या आधीच येऊन उभा आहे. नियम आहे म्हणून तो कुणी मोडतच नाही असं सांगून तुला फसवणार नाही. मोडला जातो. म्हणून तर त्या जागी उभं राहणारं माणूस कोण आहे याला महत्त्व आहे.

नाही म्हणण्याची किंमतही ऐकून ठेव. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात निःशस्त्र पठाणांवर गोळ्या झाडायचा हुकूम झाला, तेव्हा रॉयल गढवाल रायफल्सच्या चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी बंदुका खाली केल्या. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली आणि अकरा वर्षं तुरुंगात गेली. १६ मार्च १९६८ ला व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकी सैनिक बायकापोरांना मारत सुटले होते. ह्यू थॉम्प्सन हा चोवीस वर्षांचा वैमानिक. त्याने हेलिकॉप्टर आपलेच सैनिक आणि गावकरी यांच्या मधोमध उतरवलं, आणि आपल्या साथीदारांना सांगितलं, यांनी गावकऱ्यांवर गोळी झाडली तर तुम्ही यांच्यावर झाडा. जितक्या जणांना वाचवता आलं तितक्यांना त्याने बाहेर काढलं. देशात परतल्यावर त्याला गद्दार म्हणणारे निघाले. सैन्याने त्याला पदक दिलं ते १९९८ मध्ये, तीस वर्षांनी. दोघेही गणवेशातले होते आणि दोघांनाही आपलं कर्तव्य नीट कळलेलं होतं.

आता एसएसबी. बाबांची काळजी समजते, पण पहिल्या दिवशी घरी पाठवतात ते चाळणी परीक्षेत, बुद्धिमापन आणि चित्रावरची गोष्ट-चर्चा यांवरून. मतांवरून नाही. पुढच्या मानसशास्त्रीय चाचण्यांत बारा चित्रं असतात, शेवटचं कोरं. साठ शब्द, प्रत्येकावर पंधरा सेकंदांत वाक्य. साठ प्रसंग, त्यांत काय कराल ते अर्ध्या तासात. इतक्या वेगात माणूस खोटं फार वेळ लिहू शकत नाही. पुण्यात या साठ शब्दांची तयार वाक्यं छापून विकली जातात याची मला चीड आहे. माझ्याकडे सराव-मुलाखतीला एक मुलगा आला होता. दर उत्तरात 'देशासाठी काहीही करीन' म्हणायचा. मी विचारलं, काहीही म्हणजे काय काय? तो गप्प झाला, आणि हाताने टाय सारखा करत बसला. त्या 'काहीही'च्या आत काय आहे ते त्याने कधी उघडून बघितलंच नव्हतं. तू बघितलंयस.

मुलाखतीत वादविवादाच्या बक्षिसाचा विषय निघणारच, फॉर्ममध्ये तू ते लिहिलं असशील. विषय काय होता असं विचारलं तर सरळ सांग, बाजू कोणती होती तेही सांग, आणि मत आता तसं राहिलं नाही हेही सांग. प्रवचन नको. दोन वाक्यं पुरेत: कायद्यात बसणारा हुकूम मला आवडो न आवडो, पाळीन, बसत नसेल तर करणार नाही आणि वरच्या अधिकाऱ्याला कळवीन. मग ते तुला कोंडीत पकडतील. तुझे दहा जवान अडकलेत, कैदी तोंड उघडत नाही, बोल. तेव्हा 'मला राग येणारच नाही' असं म्हणू नकोस. राग येईल, मोह होईल, हे कबूल कर, आणि त्या वेळात दुसरं काय करशील ते सांग: त्याच्याजवळच्या सामानाची झडती, नकाशा, वायरलेसवरून शेजारच्या तुकड्यांकडे चौकशी, गावातला माहितगार माणूस. अधिकाऱ्याकडून ते हेच मागतात, डोकं चालू राहणं.

यापुढचं आधी एकटीने वाच. तुला खुपतंय ते नेमकं काय? हतबल माणसावर हात उचलणं, की कुणावरही शस्त्र चालवणं? पहिलं असेल तर तू बिनघोर जा. पण दुसरं असेल, समोरून गोळीबार करणाऱ्यालाही गोळी घालणं तुझ्या मनाला कधीच पटणार नसेल, तर एनडीए तुझी जागा नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. सैन्यात पसंतीची लढाई निवडता येत नाही. मनाविरुद्धच्या पण कायदेशीर अशा कितीतरी गोष्टी निमूटपणे कराव्या लागतात. हे प्रशिक्षण सुरू होण्याआधी ठरव, कारण एनडीएतून स्वतःहून बाहेर पडलं तर तोवरचा खर्च पालकांना भरून द्यावा लागतो आणि तसं हमीपत्र बाबांना आधीच लिहून द्यावं लागेल.

तिसरीही वाट आहे. तुझ्या पत्रात कायद्याची ओढ दिसते. पाच वर्षांचं लॉ कर, पुण्यात त्याला तोटा नाही. एलएलबीला किमान ५५ टक्के असले की सैन्याच्या जॅग शाखेला, म्हणजे कायदा विभागाला, अर्ज करता येतो. वय २१ ते २७, एसएसबी तिथेही आहे, हल्ली क्लॅट पीजी या कायद्याच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचे गुणही मागतात. कोर्ट मार्शलमध्ये कायद्याची बाजू सांभाळणारे अधिकारी याच शाखेचे. ही वाट चार-पाच वर्षांनीही उघडी असेल. एनडीएची मात्र साडेएकोणीसला बंद होते. म्हणून मला विचारशील तर भोपाळला जाऊन ये. २०२५ च्या मे महिन्यात मुलींची पहिली तुकडी, सतरा जणी, खडकवासल्याहून बाहेर पडली. त्यांच्या मागून जाणाऱ्यांत असा प्रश्न पडणारी एक मुलगी असावी असं मला मनापासून वाटतं.

जाण्याआधी एक काम कर. आजोबांनी त्या एका वाक्यापुढे काही सांगितलं नाही असं तू लिहितेस. विचार त्यांना. पाणी कुणी दिलं, कशातून दिलं, तो माणूस काय बोलला. पन्नास वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नसावं. ती ट्रॉफी त्यांच्यासमोर ठेव आणि मुद्दे पुन्हा मांड, या वेळी प्रतिकूल बाजूने. दहावीची मूळ गुणपत्रिका आणि बोलावण्याचं पत्र बॅगेत वरच ठेव. भोपाळहून आलीस की शनिवारी दुपारी चारनंतर ये, आजोबांना घेऊन.