वाचकांचे प्रश्न: यंदा वहीत एकच संकल्प

प्रश्न: ताई, मी २९ वर्षांचा, राहायला कोल्हापूरच्या कसबा बावड्यात, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. दरवर्षी ३१ डिसेंबरला वहीत लिहितो, वजन कमी करणार, पैसे साठवणार, इंग्लिश सुधारणार, मोबाईल कमी करणार. गेल्या वर्षी जिमची अख्ख्या वर्षाची फी भरली आणि फेब्रुवारीनंतर तिकडं फिरकलो नाही. दर आठवड्याला शिफ्ट बदलते त्यामुळं काहीच टिकत नाही. यंदा लिहू की नको?

उत्तर: लिही भावा, पण एकच लिही. तू आळशी आहेस असं मला अजिबात वाटत नाही, रात्रपाळी करून भट्टीजवळ उभा राहणारा माणूस आळशी कसा असेल? तू ठरवतोस ते रोज सकाळी सहाला मोकळा असणाऱ्या माणसाचं वेळापत्रक आहे, तुझं नाही, आणि तिथंच सगळं बिघडतं.

तर आधी चारातलं जे एकदाच करून संपतं ते बाजूला काढ. पैसे साठवणं हा संकल्पच नाही, ते एका दुपारचं काम आहे. पोस्टात आरडी (दर महिन्याला ठरावीक हप्ता भरायचं खातं) महिना १०० रुपयांपासून निघते, मुदत ५ वर्षं, पगार झाला की दुसऱ्या दिवशी आधी तो हप्ता जाऊ दे आणि मग बाकीचा खर्च. भिशी असेल तर चालू दे, पण भिशीचे पैसे हातात आले की गाडीच्या सीटकव्हरला नि जेवणावळीत जातात हे तुलाही माहितीय. मोबाईलचं म्हणशील तर चार्जर झोपायच्या खोलीतनं बाहेर ने, बास. इंग्लिश गुढीपाडव्यानंतर बघू.

राहिलं वजन, त्यासाठी रोजचं चालणं, हाच तुझा एक संकल्प. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे अर्धा तास, पाच दिवस. आता हे शिफ्टप्रमाणं लिही: पहिली पाळी असेल तर घरी येऊन चहा झाला की लगेच, दुसरी असेल तर सकाळी नाष्ट्याच्या आधी, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात आधी झोप, उठल्यावर फक्त दहा मिनिटं. हो, दहाच, तो आठवडा सवय जिवंत ठेवायचा आहे, वजन उतरवायचा नाही. आणि जागा घराजवळची धर, बावड्यातनं रंकाळा तलाव गाठायचा म्हणजे सगळं गाव ओलांडायचं, ते सुट्टीदिवशी ठीक. रोजचं राजाराम बंधाऱ्याच्या रस्त्याला कर.

२१ दिवसांत सवय लागते असा मेसेज फिरत असतो त्यावर जाऊ नको. लंडनमध्ये ९६ जणांवर एक अभ्यास झाला होता, त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ असा अंदाज निघाला, आणि मधे एखादा दिवस चुकला तरी फारसा फरक पडला नाही. म्हणून वर्षाचं सोड, पाडव्यापर्यंतचंच ठरव. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी निघ, त्याची भरपाई म्हणून दुप्पट चालू नको, गुडघे धरतात आणि मग परत सगळं बंद.

प्रश्न: मी ४५ वर्षांची, कागलला असते. घरात सगळ्यांचे संकल्प चाललेत, मला फक्त दुचाकी गाडी शिकायचीय, पण मिस्टर म्हणतात आता या वयात कशाला. काय करू?

उत्तर: ताई, तुमचा संकल्प मला सगळ्यात आवडला, कारण त्याला तारीख घालता येते. जानेवारीत लर्निंग लायसन्सचा अर्ज ऑनलाइन भरा, चाळिशी ओलांडली की डॉक्टरांचं मेडिकल सर्टिफिकेट लागतं ते आधीच करून ठेवा. लर्निंग ६ महिने चालतं आणि ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. मिस्टरांना पटवत बसू नका, रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात शिकवायला चला म्हणून सांगा, नाही आले तर भाच्याला, मैत्रिणीला न्या. लायसन्स असलेलं माणूस मागं बसलेलं पाहिजे, गाडीला एल लावा, हेल्मेट दोघांनाही. हायवेला मात्र लगेच जाऊ नका, आधी गावातल्या रस्त्यावर हात बसू दे.