काका, मामा आणि युरोपचं आश्रय धोरण

प्रश्न असा आहे: 'युरोपीय देशांनी आश्रय धोरणात काय बदल केले म्हणजे खऱ्या निर्वासितांना संरक्षण मिळेल आणि तिथले स्थानिक लोकही वैतागणार नाहीत?'

मी मूळची कोल्हापूरची, गेली अकरा वर्षं जर्मनीत आहे. नोकरी सॉफ्टवेअरमधली, या विषयातली पदवीबिदवी काही नाही. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या गावातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये आश्रय मागणाऱ्यांना सरकारी कागद समजावून द्यायला बसते, एवढंच. तिथे माझी भरती झाली ती हिंदीमुळे. पेशावरकडच्या छावण्यांत लहानाचे मोठे झालेल्या अफगाणांना उर्दू येते, आणि माझी कोल्हापुरी हिंदी ते सोसतात. तेव्हा हे उत्तर त्या टेबलावरून दिलंय असं समजा.

माझं म्हणणं साधं आहे. पहिली मुलाखत नीट घ्या. कुंपणं, कोटे आणि करार यांवर सगळे तावातावाने भांडतात, पण माणसाचं काय होणार ते ठरतं एका बंद खोलीत. समोर अधिकारी, बाजूला दुभाषा, आणि चार-पाच तास. त्या खोलीबद्दल मी एकाही पुढाऱ्याला भाषण करताना ऐकलेलं नाही.

२०२० साली विशीतला एक अफगाण पोरगा नकाराचं पत्र घेऊन आला. असं पत्र इथे पिवळ्या पाकिटातून येतं. पोस्टमन पाकिटावर तारीख घालतो आणि अपिलाची मुदत त्या तारखेपासून धरतात, बहुतेक वेळा दोनच आठवडे. याने पत्र जपून आणलं होतं आणि पाकीट फेकून दिलं होतं. सगळे तेच करतात.

पत्रातला मुख्य मुद्दा असा: अर्जदाराला त्याच्या 'ओंकल'ने जिवे मारायची धमकी दिली, आणि त्यानंतर सहा आठवडे तो त्या 'ओंकल'च्याच घरी लपून राहिला, हे पटण्यासारखं नाही. मी त्याला म्हटलं, हे कसं रे? तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "धमकी काकाने दिली. लपलो मामाकडे."

हे शब्द मी मराठीत आणलेले नाहीत, त्याच्याच तोंडचे आहेत. अफगाणांच्या दरी भाषेत बापाचा भाऊ काका आणि आईचा भाऊ मामा, अगदी आपल्यासारखं. जर्मन भाषेत दोघांना मिळून एकच ओंकल. दुभाषा इराणी होता. त्याच्या फारसीत काकाला अमू म्हणतात आणि मामाला दाई, म्हणजे फरक त्यालाही कळला असणारच. पण जर्मनमध्ये उतरताना दोघांचा एक माणूस झाला. शेवटी सगळं इतिवृत्त परत वाचून दाखवतात, ते याने पाच तासांनी पेंगत ऐकलं आणि सही केली.

तारखेचा घोळ वेगळाच. धमकी कधी आली ते त्याने सांगितलं होतं, असद १३९७. अफगाण सालात या महिन्याला ६२१ मिळवायचे, म्हणजे २०१८चे जुलै-ऑगस्ट. इतिवृत्तात पडलं २०१९. देश सोडल्याची तारीख मात्र बरोबर, २०१८चीच. म्हणजे पोरगा आधी पळाला आणि मग त्याला धमकी आली! शके आणि इसवी सनात ७८ वर्षांचा फरक सांभाळत पत्रिका मांडणाऱ्या आपल्या लोकांना यातली गंमत कळेल. फक्त इथे पत्रिका चुकली तर लग्न मोडत नाही, माणसाला परत पाठवतात.

मी एका कागदावर त्याची वंशावळ काढली. डावीकडे बापाकडचे, उजवीकडे आईकडचे. तो कागद वकिलाने कोर्टात लावला आणि संरक्षण मिळालं. पण तारीख लागायला दोन वर्षांहून जास्त गेली. तोवर तालिबान काबूलमध्ये येऊनही वर्ष उलटलं होतं. या काळात त्याच्या निवाऱ्याचा, वकिलाचा, न्यायाधीशाच्या वेळेचा आणि पुन्हा नव्या दुभाषाचा खर्च कोणी केला? करदात्याने, त्यात मीही आले. स्थानिक लोक वैतागतात ते बऱ्याच अंशी याच रेंगाळण्यावर. आलेला माणूस तीन-तीन वर्षं 'ना घर का ना घाट का' राहतो आणि ते गावाला रोज दिसतं.

हे टाळता येतं. स्वित्झर्लंडने मार्च २०१९पासून पद्धत बदलली. अर्जदाराला सुरुवातीपासून सरकारी खर्चाने सल्ला आणि वकील. ज्या प्रकरणात फार चौकशी लागत नाही ते अपिलासकट १४० दिवसांत संपवायचं उद्दिष्ट. सगळं आलबेल नाही. अशा प्रकरणांत अपिलाला कामाचे सातच दिवस मिळतात, ते फार कमी. पण वकील आधीपासून शेजारी बसलेला असला की काका-मामाची गल्लत त्याच खोलीत सुटण्याची निदान आशा असते.

दुसरी गोष्ट, देशागणिक निकाल बदलतो. २०१६ साली अफगाण माणसाचा अर्ज इटलीत पोचला तर दहातल्या नऊहून जास्त लोकांना संरक्षण मिळत होतं. बल्गेरियात शंभरातल्या पाचांनाही नाही. कायदा कागदावर एकच, युरोपीय संघाचा. मग माणूस जिथे होकार मिळेल तिकडे सरकणारच, त्यात त्याचा लबाडपणा काय?

हे सरकणं थांबवायला डब्लिनचा नियम आहे. १९९०मध्ये करार झाला, १९९७पासून लागू. कागदावर कुटुंब आधी, मग व्हिसा वगैरे बघतात, पण व्यवहारात बहुतेक वेळा उरतं ते एवढंच: ज्या देशातून तू विनापरवाना युरोपात शिरलास, त्याने तुझा अर्ज बघायचा. म्हणजे बोट वेंगुर्ल्याला लागली म्हणून सगळ्यांचा सांभाळ वेंगुर्ला नगरपरिषदेने करायचा आणि पुण्याने हात झटकायचे. ग्रीस आणि इटलीचं वेंगुर्लं झालं. २०११च्या जानेवारीत स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने बेल्जियमला दोषी धरलं, कारण त्याने एका अफगाणाला ग्रीसमधल्या भयाण परिस्थितीत परत धाडलं होतं. तो माणूस काबूलमध्ये परदेशी सैन्याचा दुभाषा होता, हे मला कधी विसरता येत नाही. पुढे लेस्बोस बेटावर मोरियाची छावणी तुम्ही बातम्यांत पाहिली असेल. सोय सुमारे ३,००० माणसांची, आणि सप्टेंबर २०२०मध्ये ती जळाली तेव्हा आत राहणारे १२,०००हून जास्त.

वाटप करता येत नाही असं नाही. जर्मनीच्या आत ते दररोज होतं. कोणत्या राज्याने किती आश्रयार्थी घ्यायचे ते एका सूत्रावर ठरतं: दोन तृतीयांश वजन राज्याच्या करउत्पन्नाला, एक तृतीयांश लोकसंख्येला. राज्यं कुरकुरतात आणि घेतात. युरोपभर असं करायचा प्रयत्न २०१५मध्ये झाला. ग्रीस आणि इटलीतून १,६०,००० लोक वाटून घ्यायचं ठरलं आणि प्रत्यक्षात हलले सुमारे ३५,०००. हंगेरी आणि पोलंडने एकालाही घेतलं नाही.

पोलंडचं नाव आलं की माझं कोल्हापूर जागं होतं. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, आमच्या वळिवड्याच्या छावणीत राहून गेले, १९४३ ते १९४८. नंतर तिथेच फाळणीतले सिंधी आले आणि त्याचं गांधीनगर झालं. लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही तिथेच जायचो. आज तोच पोलंड बेलारूसच्या सीमेवर बहुतेकांचा आश्रयाचा अर्जच घेत नाही, मार्च २०२५मध्ये तसा कायदा केलाय. बेलारूस मुद्दाम माणसं ढकलतं ही त्यांची तक्रार खोटी नाही. पण ढकललेल्या माणसाने काय करायचं?

आणि याच पोलंडने २०२२मध्ये युक्रेनच्या लोकांना दारं सताड उघडली. तेव्हा युरोपीय संघाने तात्पुरत्या संरक्षणाचा २००१चा नियम पहिल्यांदाच वापरला. मुलाखत नाही, देश आपला आपण निवडा, लगेच काम करा, मुलं शाळेत घाला. चाळीस लाखांहून जास्त लोक यात सामावले. घरं कमी पडली, शाळांत जागा पुरेना, पण मोरिया झाली नाही. शेजारी, ख्रिस्ती, गोरे म्हणून हे जमलं असं आमच्या टेबलावरचे सीरियन म्हणतात आणि मी वाद घालत नाही. पण माणसाला आपल्या ओळखीपाळखीच्या गावी जाऊ दिलं आणि कामाला लागू दिलं तर व्यवस्था कोलमडत नाही, हे तेव्हा दिसलं. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी दहातल्या आठांचं पहिलं वाक्य 'काम कधी करता येईल' हेच असतं. (ही आकडेवारी नव्हे, माझा अंदाज.)

आता युरोपीय संघाचा आश्रयाबाबतचा नवीन करार. मे २०२४मध्ये मंजूर झाला, लागू होण्याची तारीख १२ जून २०२६. प्रत्येक देशाने वाटा उचलायचा, माणसं घ्यायची नसतील तर माणशी २०,००० युरो हा हिशेब. पैसे देऊन सुटायची सोय मला आवडत नाही, पण आधी तेही नव्हतं. मला जास्त धास्ती आहे ती सीमेवरच्या झटपट प्रक्रियेची. ज्या देशाच्या नागरिकांना सरासरी २० टक्क्यांहून कमी संरक्षण मिळतं, त्यांचे अर्ज सीमेवरच ठेवून अपिलासकट १२ आठवड्यांत निकाली काढायचे. लवकर निकाल मलाही हवाय. ज्याचं प्रकरण खरंच बसत नाही त्याला लवकर 'नाही' सांगणं हेही बरंच. पण १२ आठवड्यांत, दूरच्या छावणीत, वकील शोधायचा कुठून? नव्या नियमांत फुकट सल्ला आहे. सल्ला म्हणजे शेजारी बसलेला वकील नव्हे.

आता भारतीयांचं काय, असंही लोक विचारतात. एप्रिल २०२५मध्ये युरोपीय आयोगाने 'सुरक्षित' मूळ देशांची (म्हणजे जिथल्या माणसाला सहसा संरक्षणाची गरज नाही असं धरून चालायचं अशा देशांची) यादी सुचवली त्यात भारत आहे, बांगलादेशही आहे. भारतीयांचे बहुतेक अर्ज नामंजूर होतात आणि त्यातले बरेच एजंटाने पढवलेले असतात, हे मी इतिवृत्तं वाचून सांगते. तीच गोष्ट, तेच गाव, फक्त नाव बदललेलं. पण घरच्यांच्या धमकीमुळे पळालेलं आंतरजातीय जोडपंही त्याच रांगेत उभं असू शकतं, आणि यादी बघून आलेला अधिकारी पहिल्या दहा मिनिटांतच पेन खाली ठेवणार.

नव्या कराराच्या या सगळ्या हजार पानांत मला मनापासून आवडलेलं एकच कलम आहे, ज्याची बातमी कुठे ठळक आली नाही. मुलाखतीचं ध्वनिमुद्रण करणं आता बंधनकारक. इतिवृत्तात काय लिहिलं ते राहू द्या, टेपवर तो 'काका' म्हणाला की 'मामा', हे अपिलात कोणालाही ऐकता येईल. अर्थात ऐकणाऱ्याला दरी यायला हवी. नाहीतर मराठी.